दुसऱ्या पुडीचं कारण

काही वर्षांपूर्वीपर्यंत बीटी कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटाबरोबर दोन पुड्या मिळायच्या. एक ४५० ग्रॅमची, बीटी सरकीची. दुसरी १२० ग्रॅमची, साध्या, बिगर-बीटी सरकीची. ही दुसरी शेताच्या कडेनं लावायची, अशी सूचना असायची. अनेक शेतकऱ्यांनी ती कधी लावलीच नाही. कुणी बांधावर टाकून दिली, कुणी घरात ठेवून विसरून गेलं. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. उधार-उसनवारी करून पेरणी करणाऱ्या माणसाला आपण सांगतो की रानाचा एक भाग अळीला खायला सोड, आणि का सोड हे मात्र सांगत नाही.

कारण सांगायला पाच मिनिटं पुरतात. बीटी कपाशीच्या झाडात अळीला मारणारं प्रथिन तयार होतं. पण असंख्य अळ्यांमध्ये एखादी अशी निघते की तिच्यावर त्या प्रथिनाचा परिणाम होत नाही. सगळं रान बीटीचं असेल तर तेवढीच जगते. तिचा पतंग होतो, तशाच वाचलेल्या दुसऱ्या पतंगाशी त्याचा जोडा जमतो, आणि पुढची पिढी बीटीला दाद न देणारी जन्मते. कडेला साध्या कपाशीच्या ओळी असतील तर तिथे साध्या अळ्या भरपूर वाढतात. वाचलेल्या पतंगाला जोडीदार बहुधा त्यांच्यातलाच मिळतो आणि त्यांची बहुतेक पिल्लं पुन्हा बीटीला बळी पडतात. म्हणजे ती छोटी पुडी अळीसाठी नव्हती, बीटी कपाशीचं आयुष्य वाढवण्यासाठी होती.

२०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातल्या कापूसपट्ट्यात बोंड फोडलं की आत गुलाबी अळी निघत होती. याला एकटी ती पुडी जबाबदार नाही. फरदड घेऊन कपाशी उन्हाळ्यापर्यंत रानात उभी ठेवल्यानं अळीला वर्षभर खाणं मिळालं, हेही तितकंच मोठं कारण. पण फरदड का घेऊ नये आणि पुडी का लावावी, या दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, आणि ते ठिकाण म्हणजे उत्क्रांतीचा धडा.

हा धडा दहावीत असावा का, हा प्रश्न आता पुन्हा उभा राहणार आहे, म्हणून हे लिहितो आहे.

कोविडच्या काळात मुलांवरचा भार कमी करायचा म्हणून, सीबीएसईच्या शाळांत चालणारी पुस्तकं तयार करणाऱ्या एनसीईआरटीनं २०२२ मध्ये पाठ्यपुस्तकांची छाटणी केली. दहावीच्या विज्ञानातल्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणातून उत्क्रांती गेली, शीर्षकात नुसती आनुवंशिकता उरली. नववीच्या पुस्तकातलं सजीवांच्या विविधतेवरचं प्रकरण तर आख्खंच गेलं. शाळा पूर्ववत सुरू झाल्या, तरी २०२३ च्या छापील पुस्तकांतही ते परतलं नाही. त्या एप्रिलमध्ये ब्रेकथ्रू सायन्स सोसायटी या विज्ञानप्रसार करणाऱ्या संस्थेच्या पुढाकारानं निघालेल्या पत्रावर १,८०० हून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी सह्या केल्या. त्यावर सरकारी बाजूचं म्हणणं असं होतं की बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांतीचं प्रकरण आहेच.

आपल्या राज्य मंडळानं मात्र ती चूक केली नाही, हे मोकळेपणानं सांगायला हवं. बालभारतीच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २’ या पुस्तकाचा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. नववीत वनस्पतींचं वर्गीकरण आहे. पण आता राज्यात टप्प्याटप्प्यानं सीबीएसईच्या धर्तीवरचा अभ्यासक्रम येतो आहे, पहिलीपासून त्याची सुरुवात झाली आहे. हा बदल वर सरकत दहावीपर्यंत पोहोचेल तेव्हा धर्तीबरोबर छाटणीही आपल्याकडे येईल का? माझं म्हणणं एवढंच आहे की ती येऊ देऊ नये. आणि नुसता धडा वाचवून भागणार नाही, तो माकडापासून सुरू करण्याऐवजी झाडापासून आणि बुरशीपासून सुरू करावा.

बारावीत आहेच, हा युक्तिवाद मला कधीच पटला नाही. मी वीसेक वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. माझ्या वर्गात येणारी मुलं आधीच गाळून आलेली असायची. कला, वाणिज्य, आयटीआय, पॉलिटेक्निक, घरची शेती आणि मुलींच्या बाबतीत लग्न, या वाटांनी गेलेली मुलं माझ्या वर्गापर्यंत पोहोचलीच नाहीत. कपाशी लावणारा, द्राक्षाची बाग करणारा, औषधाच्या दुकानात काउंटरवर उभा राहणारा माणूस बहुधा त्यांच्यातलाच असतो. बारावीचं जीवशास्त्र डॉक्टर घडवायला उपयोगी पडत असेल. दहावीचं विज्ञान सगळ्यांचं असतं.

भाराचा मुद्दा मात्र गंभीरपणे घ्यायला हवा, कारण त्यात तथ्य आहे. थॅलोफायटा, ब्रायोफायटा, टेरिडोफायटा, अनावृत्तबीजी, आवृत्तबीजी. ही यादी मुलं घोकतात, प्रत्येकीखाली दोन उदाहरणं लिहितात, पेपर झाला की विसरतात. मीही सुरुवातीची काही वर्षं ती तशीच शिकवली. फळ्यावर तक्ता, तक्त्यात रकाने. नववीतून विविधतेचं प्रकरण काढलं तेव्हा मुलांना वाईट वाटलं नसेल, तर त्यात आम्हा शिक्षकांचा हात आहे.

पण ही यादी जड का वाटते? तिच्यातून काळ काढून घेतलेला असतो म्हणून. गाडीचं वेळापत्रक स्टेशनांच्या क्रमाशिवाय पाठ करायला सांगितलं तर तेही जडच वाटेल. शेवाळ, मॉस, नेचे, सायकस, जास्वंद हे पाच रकाने नाहीत. पाण्यातून जमिनीवर आलेल्या हिरव्या सजीवांनी एकेक अडचण कशी सोडवली, त्याची ती गोष्ट आहे. पावसाळ्यात घराच्या मागच्या भिंतीवर येणारं मॉस उन्हाळ्यात का वाळून जातं? त्याला खरी मुळं नाहीत, पाणी वर चढवायला नळ्या नाहीत, आणि त्याच्या पुंबीजाला अंडपेशीपर्यंत पोहोचायला पाण्यातून पोहावं लागतं. नेच्याकडे नळ्या आल्या, म्हणून तो उंच झाला, पण पोहण्याची अट सुटली नाही, म्हणून तो ओढ्याच्या काठी राहिला. परागकण आले आणि ती अटही गेली. हे एकदा कळलं की मुलाला तक्ता पाठ करावा लागत नाही, तो स्वतः मांडू शकतो. उत्क्रांती काढून विविधता शिकवणं हाच मोठा भार आहे, आणि आपण भार कमी करायच्या नावाखाली दोन्ही काढून टाकतो.

या गोष्टीत बुरशीचं पात्र पहिल्या प्रवेशापासून आहे, हे आपल्या वर्गांत फारसं सांगितलं जात नाही. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळ गरम पाण्याच्या झऱ्यांतल्या सिलिकानं जागच्या जागी गोठवलेल्या वनस्पती सापडल्या आहेत, साधारण ४१ कोटी वर्षांपूर्वीच्या. त्यांना आजच्यासारखी मुळं नव्हती. पण त्यांच्या पेशींत बुरशीचे धागे शिरलेले दिसतात, पेशीच्या आत फांद्या फुटलेल्या, अगदी आज कांद्याच्या किंवा ज्वारीच्या मुळात दिसतात तसे. बुरशी मातीतून स्फुरद आणून देते, झाड तिला साखर देतं. मुळं पुरती घडण्याआधीच ही देवघेव सुरू झाली होती. आज कृषी सेवा केंद्रात मायकोरायझाची, म्हणजे मुळांशी अशी देवघेव करणाऱ्या बुरशीची, पाकिटं विकत मिळतात. ती विकत घेणाऱ्याला हे कुणी सांगत नाही की पाकिटातली भागीदारी चाळीस कोटी वर्षं जुनी आहे, आणि अतोनात स्फुरदाचं खत टाकलेल्या रानात झाडाला तिची गरज वाटत नाही, म्हणून तिथे ते पाकीट वाया जाण्याचा संभव जास्त.

पुरावे दूर देशातलेच द्यावे लागतात असंही नाही. चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. त्याच्या शिवारात डायनोसॉरच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे सापडतात. २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गोळ्यांत काय आहे ते जगापुढे मांडलं. आत होते सिलिकाचे सूक्ष्म कण, गवताच्या पेशींत तयार होणारे. गवताच्या पात्यानं बोट कापतं ते याच सिलिकामुळे, आणि प्रत्येक गटाच्या गवतात या कणांचा आकार वेगळा असतो. त्या आकारांवरून किमान पाच प्रकारची गवतं ओळखता आली. त्यांत भात आणि बांबू ज्या शाखांत मोडतात त्यांच्या आप्तांच्या खुणा होत्या.

याचं महत्त्व समजून घ्यायला हवं. तोवर जगभरच्या पुस्तकांत असं मानलं जायचं की गवतं बहरली ती डायनोसॉर गेल्यानंतर बऱ्याच काळानं. चित्रांत डायनोसॉरच्या पायाखाली गवत काढलं तर ती चूक समजली जायची. पिसदुऱ्याच्या गोळ्यांनी दाखवलं की दख्खनच्या लाव्हाचे थर पसरत होते त्या सुमारास, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, गवतांच्या शाखा फुटलेल्या होत्या आणि डायनोसॉर त्यांवर चरत होते. जगाचं मत बदलणारा हा पुरावा वरोऱ्याच्या मातीतून निघाला. माझ्या मते तो महाराष्ट्रातल्या प्रत्येक दहावीच्या मुलाला ठाऊक असायला हवा, निदान चंद्रपूरच्या मुलाला तरी. त्याच जिल्ह्यात खाणीतून निघणारा कोळसा म्हणजे ग्लॉसोप्टेरिससारख्या, आज पृथ्वीवर कुठेही न उरलेल्या झाडांची पंचवीस कोटी वर्षांहून जुनी जंगलं. त्याच झाडाची पानं अंटार्क्टिकाच्या दगडांतही सापडतात, कारण ती भूमी आणि ही भूमी तेव्हा जोडलेली होती. औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या बघत वाढणाऱ्या मुलाच्या पुस्तकात हे आलं, तर पाठ करण्यासारखं त्यात काही उरणार नाही.

सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे माथ्यावरच्या खडकाळ पठारांवर, तर पुरावा दरवर्षी नव्यानं उगवतो. कास पठारावर भाद्रपदात जाणाऱ्या हजारो लोकांना सीतेची आसवं माहीत असतात. ती जांभळी नाजूक फुलं कीटकभक्षी आहेत, त्यांच्या ओल्या मातीतल्या बारीक पिशव्या सूक्ष्म जीव ओढून घेतात. तिथेच दवबिंदूही असतो, पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरणारा. जांभ्याच्या खडकावर माती वीतभरही नाही आणि तिच्यात नत्र जवळजवळ नाही, म्हणून दोघांनीही नत्र किड्यांकडून घेतलं. पण हे दोघे एकमेकांचे जवळचे नातलग नाहीत. सीतेची आसवं ही तुळस, तीळ आणि कारवीच्या गोतावळ्यातली, दवबिंदू हा माठ, राजगिरा आणि फड्या निवडुंगाच्या बाजूचा. एकच अडचण, दोन वेगळी घराणी, दोन वेगळे सापळे.

निवडुंगाचा विषय निघालाच आहे तर तोही सांगतो, कारण इथे आपली भाषाच फसली आहे. फड्या निवडुंग आणि त्रिधारी निवडुंग या दोघांना आपण एकाच नावानं हाक मारतो. काटे आहेत, खोड मांसल आहे, पानं नावाला. पण त्रिधारीला खरचटलं की पांढरा चीक येतो, फड्याला येत नाही. त्रिधारी एरंडाच्या कुळातला आहे. फड्या अमेरिकेतून इथे आणला गेलेला खरा कॅक्टस. कोरड्या हवेनं दोन परक्या घराण्यांना इतकं सारखं घडवलं की गावानं त्यांना सख्खे भाऊ मानलं. एका कुंपणाशी उभं राहून, खोडावर ओरखडा काढून (चीक डोळ्यात जाणार नाही याची काळजी घेऊन) शिक्षक हे दाखवू शकतो. प्रयोगशाळा लागत नाही.

चार्ल्स डार्विनलाही झाडांनीच जास्त धरून ठेवलं होतं. १८५९ साली त्याचं जगप्रसिद्ध पुस्तक आलं, त्यात माणसाच्या उगमाबद्दल जेमतेम एक सूचक वाक्य आहे. पुढच्याच वर्षी त्यानं लायेल या भूशास्त्रज्ञ मित्राला लिहिलं की या घडीला जगातल्या सगळ्या जातींच्या उगमापेक्षा मला ड्रॉसेराची जास्त फिकीर आहे. ड्रॉसेरा म्हणजे आपला दवबिंदू. कीटकभक्षी वनस्पतींवर त्यानं १८७५ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिलं. आणि आपण त्याला ओळखतो ते माकडामुळे.

आता बुरशीकडे येतो, कारण माझ्या दृष्टीनं सगळ्यात निकडीचा मुद्दा तिथे आहे.

बुरशी झाडासारखी एका जागी असते, म्हणून कितीतरी पिढ्या ती वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात बसली. व्हिटाकर या शास्त्रज्ञानं १९६९ मध्ये पाच सृष्टी मांडल्या आणि तिला स्वतःचं घर दिलं, ते आपल्या पुस्तकांत आहे. पुढे जनुकं वाचता येऊ लागल्यावर कळलं की तिचं नातं झाडापेक्षा प्राण्यांशी जवळचं आहे. तिच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, खेकड्याच्या कवचात असतं तेच. साखर ती पिष्टाच्या रूपात साठवत नाही, ग्लायकोजेनच्या रूपात साठवते, आपल्या यकृतासारखी. कोकणातली अळंबी, विदर्भातल्या सात्या, गोव्यातली ओळमी खाताना आपण भाजी खातो असं समजतो, पण वंशवेलीवर ती भाजीपेक्षा आपल्या जवळ आहे.

हे नातं वहीत लिहून सोडून देण्यासारखं नाही. नायटा, गजकर्ण घ्या. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत तो बरा व्हायला तयार नाही. एकेका घरात सगळ्यांना, महिनोन् महिने. टर्बिनाफिन नावाचं औषध पूर्वी हमखास लागू पडायचं. आता त्याला दाद न देणारी बुरशी पसरली आहे, आणि २०२० मध्ये तिला स्वतंत्र नाव मिळालं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. त्या नावातच भारत आहे. टर्बिनाफिन बुरशीच्या ज्या विकराला (एन्झाइमला) अडवतं त्याच्या जनुकात बारीकसा बदल झाला की औषध तिथे बसेनासं होतं. असा बदल झालेली बुरशी औषध लावलेल्या त्वचेवर एकटीच तगते. आपण काय करतो? दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणतो. खाज दोन दिवसांत थांबते, कारण स्टेरॉइड त्वचेची प्रतिकारशक्ती दाबतं, पण बुरशी मात्र बळावते. औषध अर्धवट लावतो, सोडतो, पुन्हा आणतो. जी बुरशी अर्ध्या औषधातून वाचली, तिचीच पिढी आपण वाढवतो.

आणि दुसरं औषध काढा म्हणावं, तर नात्याचा प्रश्न येतो. जिवाणू आपल्यापासून फार दूरचे, त्यांच्यात मारण्याजोग्या, आपल्यात नसलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत, म्हणून प्रतिजैविकांचे प्रकारही बरेच. बुरशी ही चुलत घराण्यातली. तिला मारताना आपली पेशी वाचेल अशा जागा थोड्याच, म्हणून बुरशीनाशक औषधांचे गट हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके. एकेक गट निकामी होणं म्हणजे काय, हे ज्याला ही वंशवेल ठाऊक आहे त्याला सांगावं लागत नाही.

नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांना तर हे अंगवळणी पडलेलं आहे, फक्त त्याचं नाव त्यांना शाळेनं दिलेलं नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की वेलींवर केवडा नावाचा रोग येतो. अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिनच्या गटातली औषधं आली तेव्हा त्यांचा गुण पाहून लोकांनी ती वारंवार मारली. पुढे महाराष्ट्रातल्या बागांमधून घेतलेल्या नमुन्यांत या औषधाला दाद न देणारा केवडा राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांना आढळला. जगभर या प्रतिकाराचं नेहमीचं कारण एवढंसं आहे की केवड्याच्या एका प्रथिनात १४३ व्या जागी ग्लायसीन या अमिनो आम्लाऐवजी अ‍ॅलॅनीन येतं. एक अक्षर बदललं आणि लाखो रुपयांच्या फवारण्या वाया. याउलट मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फ्रान्समध्ये मिलार्देनं १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं, ते अजून काम करतं. तांबं एकाच वेळी अनेक प्रथिनांवर घाव घालतं, त्या सगळ्यांतून एका बदलानं सुटका होत नाही. म्हणूनच झाडात भिनणाऱ्या आंतरप्रवाही औषधाबरोबर वरवर राहून काम करणारं स्पर्शजन्य औषध घ्या, एकाच गटाचं औषध लागोपाठ मारू नका, असं कृषी अधिकारी सांगतात. कारण कळलेला माणूस हे पाळतो. न कळलेल्याला दुकानदार सांगेल ते खरं वाटतं.

(केवडा ही खरी बुरशी नाही, हेही इथे नोंदवतो. तो दिसतो बुरशीसारखा, पण वंशानं समुद्रातल्या तपकिरी शैवालांचा भाऊबंद आहे. खऱ्या बुरशीच्या पेशीतल्या एर्गोस्टेरॉलवर चालणारी ट्रायअ‍ॅझोल गटातली औषधं भुरी या रोगावर लागू पडतात आणि केवड्यावर पडत नाहीत, ती याच कारणानं.)

राहिला श्रद्धेचा प्रश्न. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह आपल्याच औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात म्हणाले की डार्विनचा सिद्धान्त चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही, म्हणून तो शाळा-महाविद्यालयांत बदलला पाहिजे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून त्यांचं म्हणणं खोडून काढलं. मला मात्र त्या विधानातला ‘पाहिलेलं नाही’ हा भाग महत्त्वाचा वाटतो, कारण तो फक्त मंत्र्यांचा नाही. माझ्या वर्गातली मुलंही तेच म्हणायची, आणि प्रामाणिकपणे म्हणायची. त्यांच्यापुढे आम्ही ठेवायचो ते ओळीनं चालणाऱ्या पाच आकृत्यांचं चित्र, वाकलेलं माकड ते ताठ माणूस. ते चित्रच चुकीचं आहे. आजचं कुठलंच माकड माणूस झालेलं नाही, दोघांचा पूर्वज एक होता. पण चित्र डोळ्यात बसतं आणि पुढचं सगळं बोलणं त्याच्याशी झगडण्यात जातं.

काही दोष शब्दाचाही आहे, असं मला बरेच दिवस वाटत आलं आहे. ‘उत्क्रांती’तला ‘उत्’ वर जाणं सुचवतो. मग मूल समजतं की शेवाळ खालच्या पायरीवर, नेचे मधे, आंबा वर आणि माणूस माथ्यावर. शेवाळ आजही पृथ्वीवर सुखेनैव आहे, त्याला आंबा व्हायचं नाही. शब्द आता रुळला आहे, बदलावा असं मी म्हणणार नाही. पण शिकवताना शिडी मोडून फांद्या दाखवायला हव्यात, आणि ते झाडांच्या उदाहरणानं सोपं जातं, कारण झाडांच्या बाबतीत कुणाचा मान-अपमान आड येत नाही. नायट्याची बुरशी बदलली हे ऐकून कुणाच्या भावना दुखावत नाहीत. तिथे मुलानं निवडीचं तत्त्व समजून घेतलं की माणसाचा भाग त्याला शेवटी, पूर्ण आणि स्पष्ट सांगावा. तो लपवावा किंवा गुळमुळीत करावा, असं मला अजिबात सुचवायचं नाही.

श्रद्धा आणि हे ज्ञान एकत्र नांदू शकत नाही, असं वाटणाऱ्यांना नागपूरच्या स्टीफन हिस्लॉपची आठवण करून द्यावीशी वाटते. तो ख्रिस्ती मिशनरी होता, धर्मप्रसारासाठीच आलेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नागपूरजवळच्या टाकळी परिसरात लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेले जीवाश्म त्यानं मोठ्या निष्ठेनं गोळा केले. दगडात फळ दिसलं तर ते फळ होतं हे मान्य करायला त्याचा धर्म आड आला नाही. त्याच्या नावाचं महाविद्यालय नागपुरात आजही आहे.

नव्या अभ्यासक्रमाच्या समितीपुढे माझ्यासारख्या शिक्षकाचं गाऱ्हाणं पोहोचलं, तर त्यात तीन-चारच ओळी असतील. दहावीतला धडा ठेवा. नववीचं वर्गीकरण त्याच्याशी जोडा, तक्ता लहान करा आणि नात्यांचं झाड मोठं काढा. पिसदुरा, कास, केवडा, नायटा आणि कपाशीची पुडी ही उदाहरणं घ्या, कारण ती मुलांच्या घरची आहेत. शिक्षकांच्या प्रशिक्षणात एक दिवस सड्यावर किंवा बागेत घालवू द्या.

आणि धड्याची जागाही बदलू नका. आज तो पुस्तकात पहिला आहे, म्हणजे शाळा उघडताच, पावसाच्या तोंडावर शिकवला जातो. त्या दिवसांत वर्गाच्या मागच्या भिंतीवर मॉस धरलेलं असतं, कौलांवर नेचे फुटत असतात, मैदानाच्या कडेला वारुळातून छत्र्या वर येत असतात, आणि गावाबाहेर कपाशीची लावण चालू असते. तास सुरू झाला की मुलांना आधी बाहेर न्यायचं आणि पुस्तक नंतर उघडायचं.